एक मिक्सर मागवला आणि दोन आले, तर दुसऱ्याचे काय करावे?

(घोडबंदर रोडवरील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

बी-३०४ : नमस्कार. गेल्या आठवड्यात मी ऑनलाइन एक मिक्सर मागवला होता. तो मंगळवारी मिळाला. काल मात्र त्याच ऑर्डर क्रमांकाचा तसाच दुसरा खोका गेटवर आला आणि वॉचमनदादांनी तो नेहमीप्रमाणे वहीत नोंदवून ठेवून घेतला. खात्यातून पैसे एकदाच गेले आहेत आणि ॲपवरही एकच नग दिसतो. खोका मी अजून उघडलेला नाही. आपल्यापैकी कोणाला असा अनुभव असल्यास कृपया सांगावे.

सी-१०२ : वहिनी, निश्चिंतपणे ठेवून घ्या. चूक कंपनीची आहे, तुमची नाही. न मागवता आलेली वस्तू भेट समजून ठेवता येते, असा कायदा असल्याचा मजकूर मागे याच ग्रुपवर आला होता.

ए-६०१ : काका, तो मजकूर मीही वाचला होता, परंतु तो अमेरिकेतील कायद्याविषयी होता. न मागवलेला माल टपालाने घरी पाठवायचा आणि मागाहून पैशांचा तगादा लावायचा, असे प्रकार थांबवण्यासाठी तेथे १९७० मध्ये तशी तरतूद झाली. ब्रिटनमध्येही १९७१ मध्ये त्याच हेतूने कायदा झाला. माल मुद्दाम गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांसाठी ते कायदे आहेत. आपल्याकडे भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो आणि त्याचे कलम ७२ असे सांगते की, चुकीने पैसे दिले गेले किंवा वस्तू सुपूर्द झाली, तर ज्याला ती मिळाली त्याने ती परत केली पाहिजे. चूक कोणाची होती, यावर हे कर्तव्य अवलंबून नाही.

वहिनींनी काही गैर केले आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. खोका चुकून घरी येणे हा गुन्हा नाही. परंतु वस्तू दुसऱ्याची आहे हे कळल्यानंतर ती अप्रामाणिकपणे स्वतःच्या वापरात आणली किंवा विकून टाकली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो अपहार ठरू शकतो आणि त्याला किमान सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे.

कायदा बाजूला ठेवला, तरी मला वेगळेच सांगायचे आहे. मी भिवंडीतील एका गोदामात अनेक वर्षे मालाचा हिशेब पाहिला आहे. असा दुहेरी माल बहुतेक वेळा दोन कारणांनी जातो: एकतर पत्त्याचे लेबल दोनदा छापले जाते, किंवा वाटेत एखादा खोका स्कॅन व्हायचा राहतो, तो हरवला असे समजून दुसरा पाठवला जातो आणि पहिलाही यथावकाश पोहोचतो. मोजणीच्या दिवशी एक नग कमी भरतो, तेव्हा सर्वांत आधी जाब विचारला जातो तो माल उचलणाऱ्या आणि पॅक करणाऱ्या मुलांना. ‘कंपनीचे काय बिघडते’ असे आपण सहज म्हणतो. परंतु त्या एका नगासाठी चोरीचा संशय अंगावर घेऊन, मान खाली घालून उभी राहिलेली मुले मी पाहिली आहेत आणि ते मला विसरता आलेले नाही.

सी-१०२ : तुमचे म्हणणे पटते. परंतु कस्टमर केअरवाले अर्धा तास फोनवर ताटकळत ठेवतात. आपण पदरमोड करून, रिक्षाने खोका पोहोचवायचा का? आणि त्यांनी नेलाच नाही, तर त्यांचा माल किती दिवस सांभाळायचा?

ए-६०१ : काका, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पदरचा खर्च मुळीच करू नये. कंपनीने तो स्वतःच्या खर्चाने आणि आपल्या सोयीच्या वेळी घरून न्यावा, असे स्पष्ट लिहावे. फोनपेक्षा लेखी कळवणे बरे, म्हणजे आपल्याकडे पुरावा राहतो. ॲपवरील चॅटचा स्क्रीनशॉट ठेवावा आणि तेथे दाद लागली नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्या अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढावी, असे अपेक्षित आहे. त्यानंतरही अडचण राहिल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

इतक्या दिवसांनी वस्तू आपली होते, असा आकडा कलम ७२ मध्ये दिलेला नाही. म्हणून खोका न उघडता, आपली स्वतःची वस्तू जपतो तितक्याच काळजीने ठेवावा आणि अधूनमधून लेखी स्मरण द्यावे. ‘तुम्हीच ठेवा’ असे त्यांनी लेखी कळवले, तर मात्र तो निःसंकोच वापरावा.

डी-५०३ : माझ्या आईच्या नावाने मागे कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल आले होते. घरात कोणीच काही मागवले नव्हते, तरी आईने बाराशे रुपये देऊन ते घेतले. तोही असाच प्रकार समजायचा का?

ए-६०१ : नाही, ताई. तेथे चूक नसून फसवणूक असण्याचा संभव अधिक असतो. न मागवलेल्या पार्सलचे पैसे देऊ नयेत, ते गेटवरूनच परत पाठवावे. वहिनींनीही एक काळजी घ्यावी. ‘चुकून गेलेला मिक्सर न्यायला आलो आहे’ असे सांगणारा कोणीही आला, तरी ॲपवर पिकअपची नोंद दिसल्याशिवाय त्याला खोका देऊ नये, ओटीपी सांगू नये आणि देताना पावती घ्यावी. पैशांची फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

सेक्रेटरी : आजपासून कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल सदनिकाधारकाला इंटरकॉमवर विचारल्याशिवाय ठेवून घेऊ नये, अशी सूचना गेटवर दिली आहे. वहिनींना घरात जागेची अडचण असल्यास खोका सोसायटी कार्यालयातील कपाटात कुलुपात ठेवता येईल.

बी-३०४ : सर्वांचे आभार. दोन्ही खोक्यांच्या लेबलांचे फोटो जोडून मी आत्ताच ईमेल केला आहे. खोका संध्याकाळी कार्यालयात आणून देते. काका, शनिवारपर्यंत त्यांचे उत्तर आले नाही, तर दुसरे पत्र लिहायला तुमचीच मदत घेईन.

सी-१०२ : अवश्य या. मी शनिवारी दिवसभर घरीच आहे.