अनुभव धागा : ‘तेजी व लापरवाही’ या तीन शब्दांत न मावणारे अपघात

रामबागकर (धागा सुरू करताना)

देशाच्या आकड्यांत एक गोष्ट फार खुपते. २०१२ साली ४,९०,३८३ अपघात झाले आणि १,३८,२५८ माणसं गेली. शंभर अपघातांमागे २८. २०२२ साली अपघात कमी होऊन ४,६१,३१२ झाले, पण गेलेली माणसं १,६८,४९१. शंभरामागे ३६ च्या वर. मध्ये २०२० ला टाळेबंदीमुळे मृतांचा आकडा १,३८,३८३ पर्यंत उतरला होता. रस्ते मोकळे झाले आणि दोन वर्षांत सगळं भरून वर गेलं. आपला मध्य प्रदेश अपघातांच्या संख्येत तमिळनाडूच्या खालोखाल दुसरा.

आणि कारण? सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे ‘अतिवेग’. हे खोटं आहे असं नाही, पण यातून गॅरेजवाल्याने, रस्ता बांधणाऱ्याने किंवा ट्रॉली नेणाऱ्या शेतकऱ्याने उद्या सकाळी काय बदलायचं ते कळत नाही. म्हणून इंदूर आणि आसपास ज्यांचं रोजचं कामच या विषयाशी आहे, त्यांना आग्रहाचं आमंत्रण. कुणाला कसं लागलं ती हकीकत नको. काय बिघडतं, किती मापाने बिघडतं आणि काय केलं की बिघडत नाही, तेवढं लिहा.

दावा_अर्ज

सुरुवात त्या ‘कारण’ या रकान्यापासूनच करतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार गाडी चालवणं) आणि १०६ (निष्काळजीपणामुळे मृत्यू) लागतं. त्याआधी भादंविचं २७९ आणि ३०४-अ होतं. दोन्हींत गुन्हा ठरायला बेदरकारपणा किंवा हयगय लागते. म्हणून आपल्याकडच्या एफआयआरमध्ये ‘तेजी व लापरवाही से चलाकर’ हे शब्द जवळजवळ ठरलेलेच. वेग कुणी मोजलेला नसतो. ट्रॉलीला दिवा नव्हता, वळणावर पाटी नव्हती, टायर गुळगुळीत होता, हे त्या वाक्यात बसत नाही आणि पुढे आकडेवारीतही येत नाही.

यावर सामान्य माणसाच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फोटो. जखमींची सोय लागल्यावर आणि गाड्या हलवण्याआधी चारही बाजूंनी एकेक फोटो, मागे दुकान किंवा किलोमीटरचा दगड दिसेल असा. मग घासल्याच्या खुणा, जिथून सुरू होतात तिथून. त्या खुणा पावलांनी मोजून ठेवा. नंतर चारही टायरची नक्षी, मागचे दिवे, आणि येणाऱ्या ड्रायव्हरला रस्ता जसा दिसला असेल तसा १०० मीटर मागून काढलेला एक. हा शेवटचा फोटो कुणी काढत नाही, आणि रस्त्याचा दोष तोच दाखवतो.

धडक देऊन गाडी पळाली आणि नंबर मिळाला नाही, तरी मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासूनची ही रक्कम आहे. अर्ज एसडीएम (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसील कार्यालयात द्यायचा. पुष्कळ घरं हा अर्ज करतच नाहीत, केवळ माहीत नसतं म्हणून.

ब्रेक_लायनर

घाटाबद्दल लिहितो. मानपूरच्या पुढे गणेश घाट आणि खंडवा रोडचा भेरू घाट इंदूरकरांना सांगायला नकोत. बातमीत ‘ब्रेक फेल’ येतं. ब्रेक अचानक तुटत नाही. तो तापून निकामी होतो, आणि ते व्हायला पाच-सात मिनिटं लागतात.

२५ टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिच्यात साधारण ७५ लिटर पाणी उकळीला येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केली की सगळी उष्णता चाकाचा ड्रम आणि त्याला आतून घासून चाक थांबवणाऱ्या लायनरच्या माथी. मग तीन गोष्टी एकदम होतात.

पहिली, लायनर तापून त्याची पकड जाते. पाय तेवढाच दाबलेला असतो, गाडी मात्र ऐकत नाही. दुसरी, ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. म्हणून लायनर ढकलणाऱ्या पुशरॉडला जास्त बाहेर यावं लागतं. ही चाल बेताची ठेवणारा स्लॅक अॅडजस्टर आधीच ढिला असेल तर रॉडची चाल संपते आणि लायनर ड्रमला नीट टेकतच नाही. वर, सपाटीवर हीच गाडी व्यवस्थित थांबत होती, त्यामुळे ड्रायव्हरला शंकाही येत नाही. तिसरी, घाबरून पायडल पुन्हापुन्हा मारलं की एअर टँकमधली हवा खर्च होते. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालत असतं, कॉम्प्रेसर हवा कमी भरतो, आणि ७-८ बारवरचा काटा खाली येत धोक्याचा बझर वाजू लागतो. तोवर वेग असा झालेला असतो की खालचा गिअर पडत नाही.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात ते अक्षरशः पाळायचं : ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाका. एग्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) असेल तर वरूनच चालू. पायडलवर पाय ठेवून राहायचं नाही. वेग ३० ला गेला की ठाम दाबून २० वर आणायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे ड्रमला मध्ये वारा मिळतो. घाटाच्या डोक्यावर थांबून पुशरॉडची चाल प्रत्येक चाकावर पाहायची, एअर टँकमध्ये साचलेलं पाणी काढायचं. खाली ढाब्यावर क्लीनर तापलेल्या ड्रमवर बादली ओततात, ते बंद करा. ड्रमला तडा जातो आणि पुढच्या घाटात तो फुटतो.

गणेश घाटात निसटलेला ट्रक डिव्हायडर ओलांडून चढणाऱ्या गाड्यांवर जायचा. आता उतरणाऱ्या वाहतुकीसाठी वेगळा, कमी उताराचा रस्ता झाला आहे. ड्रायव्हर तेच, गाड्या त्याच, बदलला तो उतार. दावा_अर्ज म्हणतात ते इथे दिसतं.

रामबागकर

काका, कारवाल्यांनी घाटात काय करायचं?

ब्रेक_लायनर

दुसरा किंवा तिसरा गिअर. ऑटोमॅटिक असेल तर ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड. उतरणाऱ्या ट्रकच्या पुढे जाऊन लगेच हळू होऊ नका, त्याच्याजवळ थांबायला जागा नसते. जळक्या लायनरचा वास आला तर त्या ट्रकपासून लांब राहा.

चौराहा_नकाशा

रस्त्याच्या बाजूने लिहिते.

गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, २५ च्या वेगाला बेतलेला. ४० मीटर आधी पाटी आणि अंगावर रंगाचे पट्टे हवेत. कॉलनीतले लोक रात्रीत जो बांधतात तो फूट-दीड फूट रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच. त्यावर स्कूटरचं पुढचं चाक उतरून टेकतं न टेकतं तोच मागचं आदळून चढतं आणि मागे बसलेला माणूस उडतो. पाठ टेकायला काही नसेल तर तो सरळ डोक्यावर पडतो. तुमच्या गल्लीत हवाच असेल तर नगर निगमकडून मापाचा करून घ्या, आणि पट्टे दर पावसाळ्यानंतर पुन्हा मारून घ्या.

चौराह्यावरचा सिग्नल. मोठ्या चौराह्याला या थांबारेषेपासून त्या बाजूपर्यंत ४० मीटर सहज होतात. ३६ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने, ते ओलांडायला ४ सेकंद लागतात. पिवळा संपता-संपता शिरलेली गाडी ‘सगळीकडे लाल’ हा वेळ २ सेकंदांचा असेल तर अजून मध्यावर असते. त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे लोक टायमर ३ वर आला की गाडी सोडतात. दोघांनाही वाटतं आपण बरोबर आहोत. टायमर पाहून नव्हे, हिरवा पाहून निघा, आणि हिरव्यानंतरही उजवीकडे एकदा मान वळवा.

पायी माणसाचं गणित आणखी वाईट आहे. सेकंदाला १.२ मीटर धरलं तर २४ मीटरचा रस्ता ओलांडायला २० सेकंद. आजी-आजोबांना २८ तरी. तेवढा हिरवा त्यांना मिळत नाही, आणि डावीकडे वळणाऱ्या गाड्या तर थांबतच नाहीत. रस्त्याच्या मध्ये बसगाड्यांसाठी राखलेली बीआरटीएसची मार्गिका काढायचा आदेश हायकोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. तशी मधली जागा मोकळी झाली की रस्ता एका दमात पार करावा लागतो. मध्ये थांबायला निदान दीड-दोन मीटरचा ओटा ठेवलाच पाहिजे, याबद्दल मी अडून बसेन.

बायपासवरचे तोडलेले डिव्हायडर आणि उलट दिशेची वाहतूक ही एकाच दुखण्याची दोन रूपं. पुढचा यू-टर्न दीड-दोन किलोमीटरवर असला की माणूस उलटा येणारच. पण समोरून ८० ने कार आणि इकडून ४० ने बाइक म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. १०० मीटरवर दिसली तरी हातात ३ सेकंद.

राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमेचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू, झाले की तो ब्लॅक स्पॉट. अर्ज करताना नुसतं ‘इथे फार अपघात होतात’ लिहू नका. किलोमीटर क्रमांक, तीन वर्षांच्या एफआयआरच्या तारखा आणि जागेचे फोटो जोडा. व्याख्येत बसणारा अर्ज सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

स्नेहलतागंज_स्कूटर

दुचाकीवर थोडंच. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले. त्यात १४,३३७ मागे बसलेले. आपल्याकडे मागच्याचं हेल्मेट म्हणजे डिकीतली वस्तू.

पट्टा बांधल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जावीत, तीन नको. मागून हेल्मेट पुढे ढकलून पाहा, डोक्यावरून निघालं तर ते नसल्यासारखंच. आत थर्माकोलसारखा थर असतो, तो एकदाच दबतो. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. आयएसआयसोबत आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा.

ओढणी आणि साडीचा पदर. नियमाप्रमाणे मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण हवं, पण साडी गार्ड बेढब दिसतो म्हणून काढून टाकतात. चाक ४० च्या वेगाला सेकंदाला ११ मीटर कापड ओढतं, म्हणजे ओढणी सोडवायला वेळच नसतो. पुढून गाठ मारून खोचा, मागे लोंबू देऊ नका.

हवा महिन्यातून दोनदा, थंड टायरवर तपासायची. डबलसीटला मागच्या चाकात जास्त लागते, आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. आणि पुढचा ब्रेक वापरायला शिका. थांबवण्याचं जास्त काम तोच करतो, कारण ब्रेक लागताच भार पुढे जातो. सरळ चालताना दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत. वळणात किंवा वाळूवर पुढचा एकदम दाबायचा नाही.

कॅज्युअल्टी_सिस्टर

पहिल्या दहा मिनिटांत लोक प्रेमापोटी जे करतात त्यातलं निम्मं नुकसान करतं, म्हणून स्पष्ट लिहिते.

पाणी पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर ते फुप्फुसात जातं, आणि ऑपरेशनला उशीर होतो. दोन्ही हात धरून उचलून लोडिंग रिक्षात घालू नका. मानेचा मणका हलला असेल तर तिथेच हात-पाय जातात. श्वास चालू असेल आणि आग किंवा गाड्यांचा धोका नसेल तर १०८ येईपर्यंत हलवूच नका. हलवावंच लागलं तर फळी किंवा जाड चादर, तीन-चार माणसं, आणि एकाने फक्त डोकं दोन्ही बाजूंनी धरून धडाच्या रेषेत ठेवायचं.

हेल्मेट एकट्याने ओढू नका. श्वास अडत असेल तरच काढायचं : एकाने हनुवटी आणि मानेचा मागचा भाग धरायचा, दुसऱ्याने पट्टा कापून दोन्ही कडा बाहेर ताणत सरळ काढायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड तळहाताने १० मिनिटं सलग दाबा. बघायला मध्येमध्ये उचलू नका, भिजलं तर वर दुसरं ठेवा. उलटी होत असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून पूर्ण कुशीवर.

‘मला काही नाही झालं’ म्हणत उठून बसलेल्या माणसाकडे जास्त लक्ष द्या. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असेल तर तो आधी छान बोलतो. २४ तास एकटं सोडू नका. दोनदा उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, गाढ झोप, एक बाहुली मोठी, यातलं एकही दिसलं तर लगेच सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी न्या.

मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं १३४-अ हे कलम संरक्षण देतं. नाव सांगायची सक्ती नाही. २०२५ च्या योजनेप्रमाणे जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळतात, हे ठरवलेल्या हॉस्पिटलांत दाखल करताना ठामपणे सांगा.

मंडी_ट्रॉली

कांदा, लसूण, सोयाबीनच्या हंगामात मंडीकडे निघालेल्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, माल बाहेर आलेला, आणि रंग मातीचा.

खालच्या लाइटमध्ये (लो बीम) अशी ट्रॉली साधारण ४५ मीटरवर दिसते. ६० ने येणाऱ्या कारला उमजायला दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला २० मीटर. जेमतेम बसतं. ८० ने येणाऱ्याची ३३ मीटर नुसतं उमजण्यात जातात, उरलेल्या १२ मीटरांत ब्रेक लावून तो ६५ च्या वेगाने धडकतो. ओल्या रस्त्यावर ६० वालाही वाचत नाही. कागदावर ‘अतिवेग’ लिहिलं जाईल, आणि ८० हा काही गुन्ह्याचा वेगही नसेल.

बंद पडलेल्या गाडीमागे त्रिकोण निदान ५० मीटरवर ठेवा, हायवेवर आणखी मागे. दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवायची पद्धत आहे. गाडी दुरुस्त करून निघताना ते दगड तिथेच राहतात आणि पहाटे दुचाकीवाल्याला मारतात.

रामबागकर

दादा, ट्रॉलीला रेडियम कोणता लावायचा? दुकानात साधा चमकीचा कागदही रेडियम म्हणूनच देतात.

मंडी_ट्रॉली

साधा चमकणारा नको, वाहनांसाठीचा ५० मिलिमीटर रुंद रिफ्लेक्टिव्ह टेप मागा. ५० मीटरवरून मोबाइलची टॉर्च डोळ्यांजवळ धरून पाहिल्यावर तो पेटल्यासारखा दिसला पाहिजे. मागे लाल, बाजूला पिवळा. मागच्या फळीच्या चारही कडांना लावा, म्हणजे येणाऱ्याला ट्रॉलीची रुंदी कळते. मध्ये एकच तुकडा लावला तर लांबून ती बाइक वाटते. गंज तारेच्या ब्रशने काढून, कोरड्या फडक्याने पुसून उन्हात चिकटवा, कडा अंगठ्याने दाबा. फळी उघडून माल बाहेर ठेवणार असाल तर एक पट्टी अॅक्सलच्या वरच्या चौकटीलाही हवी, नाहीतर सगळा टेप मालाखाली झाकला जातो. दर खेपेला निघण्याआधी ओल्या फडक्याने चिखल पुसा.