फराळ, पेढे आणि कार्डावरचं ‘नाही’

कृष्णाकाठ

दिवाळीचा फराळ परदेशी कसा न्यावा, या धाग्यावर परवा एकाने सल्ला दिला: ‘ऑस्ट्रेलियात उतरताना ‘खाण्याचं काही आणलंय का’ असं विचारणाऱ्या कार्डावर सरळ सगळीकडे नाही करा, पेढ्यांचा डबा कपड्यांच्या घडीत घाला. आम्ही दरवर्षी नेतो. तिथले लोक आपल्याला उगाच छळतात.’ त्याखाली सगळे वाहवा करतायत. माझं उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा काढला.

आमचा सांगली जिल्ह्यात गोठा आहे. मी शाळेत असताना त्यात लाळ्या खुरकूत शिरला. जनावराच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, जिभेची सालं निघतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होऊन अळ्या पडतात. पुढ्यात चारा असतो आणि तोंड लावता येत नाही. मोठ्या गाई बहुतेक वाचतात, पण पहिल्यासारखं दूध देत नाहीत. वासरं मरतात. आमची मेली. वडील आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते.

भारतात हा रोग कायमचा मुक्कामाला आहे. 2019 पासून केंद्र सरकारची त्यासाठी देशभर लसीकरण मोहीम चालू आहे. ऑस्ट्रेलियात तो शेवटचा दिसला 1872 साली. ब्रिटनमध्ये 2001 साली पसरला तेव्हा 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. बाहेरून चोरून आलेलं मांस हॉटेलच्या खरकट्यात गेलं, ते नीट न शिजवता डुकरांना घातलं आणि तिथून सुरुवात झाली, असं मानलं जातं. हा विषाणू दुधातूनही जाऊ शकतो, म्हणून भारतातून येणारी बर्फी, रसगुल्ला, गुलाबजाम ऑस्ट्रेलियात चालत नाहीत. यात कुणाचा अपमान नाही. कार्डावर ‘हो’ लिहून वस्तू दाखवली तर ती फार तर काढून घेतात, दंड होत नाही. दंड होतो लपवल्याचा. मग लपवायला शिकवता कशाला?

कोथरूडची काकू

गाईंचं दुःख आम्हालाही कळतं. पण माझ्या मुलाने सगळं प्रामाणिकपणे लिहिलं, डबे उघडून दाखवले, तरी मेलबर्नला त्याच्यासमोर माझे बेसनाचे लाडू पिंपात टाकले. पाकिटातली बाकरवडी मात्र सोडली. म्हणजे दुकानातलं स्वच्छ आणि आईच्या हातचं घाण? गुडघे दुखत असताना मी उभं राहून बेसन भाजलं होतं. तो काही न बोलता तिथून निघाला, फोनवर मात्र रडला. आणि त्याच्या मित्राचे लाडू तसेच्या तसे घरी पोचले! नियम आहे तर सगळ्यांना सारखा लावा.

कृष्णाकाठ

काकू, वाईट वाटणं साहजिक आहे. पण बाकरवडीच्या पाकिटावर आत काय आहे ते इंग्रजीत छापलेलं असतं, ते वाचून अधिकारी मिनिटात ठरवतो. घरच्या लाडवात तूप किती, दूध घातलं की नाही, हे तो बघून कसं सांगणार? स्वच्छतेचा प्रश्नच नाही. एकाला सोडतात, दुसऱ्याला अडवतात, ही तुमची तक्रार मात्र खरी आहे. मीही ते पाहिलंय.

बे एरियाचा बाळू

खवा तासभर आटवतात हो. त्यात कुठला विषाणू जिवंत राहतो? भीती घालायची आणि त्याला शास्त्र म्हणायचं. अमेरिकेत तर आमच्या मावळातला आंबेमोहोरसुद्धा काढून घेतला. बाप शेतात राबून तांदूळ पिकवतो, दोन किलो लेकाला देतो, तो जप्त! तांदळाला कुठला आलाय खुरकूत?

कृष्णाकाठ

खवा किती वेळ आटवला हे तुम्हाला माहीत आहे, काउंटरवरच्या माणसाला नाही. तो कुणाकुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणार? साध्या पाश्चरायझेशनने हा विषाणू शंभर टक्के मरेलच असंही नसतं.

तांदळाचं कारण वेगळं आहे. खाप्रा भुंगेरा हा साठवलेल्या धान्याचा किडा मूळचा आपल्याच भागातला. त्याची अळी फटीत दडून, काही न खाता वर्षानुवर्षं जगते आणि औषधालाही सहज दाद देत नाही. कॅलिफोर्नियात 1953 साली सापडला, तो निपटायला 1966 उजाडलं. खाप्रा असलेल्या देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणण्यावर 2011 पासून अमेरिकेत बंदी आहे, मग तो मावळातला असो की आणखी कुठला.

बे एरियाचा बाळू

बरं, तांदळाचं पटलं. पेढ्याचं अजिबात पटलेलं नाही. आणि बाप राबतो तेव्हा हे भुंगेऱ्याचं कुणी त्याला सांगत नाही, यात आमचा काय दोष?

कोथरूडची काकू

मी तर या वर्षी शेजारच्या मुलाबरोबर पाठवणार आहे. हुशार आहे तो, कसं न्यायचं ते बघेल. एवढंसं पाकीट कुणाला जड होतं का?

शारजाकर

काकू, हे वाचून राहवलं नाही. ‘एवढंसं पाकीट’ माझ्याही हातात कोंबलेलं आहे. गावाहून शारजाला निघताना ओळखीच्या बाईंनी भाच्यासाठी डबा दिला. विचारलं तर म्हणाल्या, शंकरपाळे आहेत. घरी येऊन उघडलं तर खाली अनारसे, खसखशीत लोळवलेले! अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत येते, अमली पदार्थाच्या कायद्याखाली. तिच्यापायी लोक तुरुंगात गेलेत. मला पकडलं असतं तर डबा भाच्याचा आहे, मला ठाऊक नव्हतं, हे कोण ऐकणार होतं? नोकरी माझी, बायकापोरं माझी. त्या बाईंना फोन केला तर म्हणाल्या, ‘एवढं काय झालं, पोचलं ना?’

कोथरूडची काकू

मी कधी खसखस पाठवली? सगळ्या आयांना एकाच माळेत ओवू नका. आमच्या काळी माणसं एकमेकांचं सामान आनंदाने नेत. आता प्रत्येक जण आपल्यापुरतं बघतो.

शारजाकर

आमच्या काळी बरं होतं म्हणता, त्या काळी पकडला गेलेला माणूसही कुणाचा तरी मुलगाच होता. विमानतळावर विचारतात, बॅग स्वतः भरली का? ‘हो’ म्हणून मी खोटं का बोलू?

सिडनीची विद्यार्थिनी

काकू, रागावू नका, पण त्या शेजारच्या मुलाचा व्हिसा कुठला आहे हे विचारलंत का? 2019 साली सिडनीला एका बाईंनी दहा किलो खाद्यपदार्थ लपवून आणले, त्यात कच्चं डुकराचं मांस होतं. त्यांचा व्हिसा रद्द करून परत पाठवलं. 2022 साली डार्विनला बालीहून आलेल्या प्रवाशाला मांस घातलेली दोन मफिन आणि एका क्रॉसाँपायी 2,664 डॉलर दंड झाला. माझ्या आईवडिलांनी घर तारण ठेवून मला इकडे पाठवलंय. मी कुणाच्याही पेढ्यांसाठी ते पणाला लावणार नाही. मावशीने डबा पुढे केला, मी नाही म्हटलं. मावशी अजून बोलत नाही.

बे एरियाचा बाळू

धागा पार्सलवर गेला. मूळ प्रश्न होता लपवावं की नाही.

शारजाकर

प्रश्न एकच आहे हो. स्वतःच्या बॅगेत लपवणारे कमीच, दुसऱ्याच्या बॅगेत लपवायला देणारे ढीगभर.

बे एरियाचा बाळू

हे मात्र मान्य. मलाही दर वेळी कुणाच्या तरी पोराचं लोणचं न्यावं लागतं आणि तेल गळून माझेच शर्ट खराब होतात. पण म्हणून सगळ्या आयांवर तुटून पडू नका.

कोथरूडची काकू

तुम्ही सगळे मिळून मलाच सुनावताय. लेकरू दिवाळीला एकटं आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. असो. चकल्या आणि चिवडा तरी नेता येतो ना? चिवड्यात मी सुक्या खोबऱ्याचे काप घालते. आणि लाडू?

कृष्णाकाठ

माझा चकली-चिवडा दर वेळी बघून सोडलाय. घरचा असला तरी पारदर्शक पिशवीत भरा आणि वर इंग्रजीत लिहा काय काय घातलंय. हातात धरता येईल असा वेगळा ठेवा, कपड्यांखाली दाबू नका. खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इनच्या बॅगेत मुंबईलाच काढून घेतात, तेलामुळे सुकं खोबरं आपोआप तापू शकतं म्हणून तो धोकादायक माल धरतात. लाडवाची हमी मी देणार नाही. न्यायचेच असतील तर कार्डावर ‘हो’ लिहा आणि टाकले जातील याची तयारी ठेवा. आणि गोठ्यात किंवा शेतावर जाऊन आला असाल तर तेही लिहा, गेल्या तीस दिवसांचं विचारतात. मी बूट घासून नेतो, तरी तिथे पुन्हा तपासतात.

कोथरूडची काकू

लाडू मी करणारच. थोडे. शेजारच्या मुलाला आत काय आहे ते सांगून देईन, नको म्हणाला तर राहू दे.

शारजाकर

त्याच्या आईलाही सांगा. तिला विचारल्याशिवाय देऊ नका.