विषय: मुंबईतलं ऑपेरा हाऊस आतून बघता येतं का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघं मुंबईला जातोय. लेक चौदा वर्षांची आहे, शाळेच्या कॉयरमध्ये गाते. इथे लंडनला, कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये, अगदी वरच्या स्वस्त जागांवर बसून दोन ऑपेरे बघून आली आहे. परवा जेवताना विचारते, "आई, मुंबईतही रॉयल ऑपेरा हाऊस आहे म्हणे. मग आपण कधीच कसे गेलो नाही?"

मला उत्तर सुचेना. मी डोंबिवलीची. लहानपणी मावशीकडे गिरगावात जायचं तर चर्नी रोडला उतरायचं, आणि 'ऑपेरा हाऊस' ही बसवरची पाटी. त्या नावाची खरीखुरी इमारत तिथे उभी असेल हे कधी मनातही आलं नाही. कुणी आत जाऊन आलंय का? नुसतं बाहेरून बघायला जाण्यात अर्थ आहे का?

—

अगं, तुझ्या मनात आलं नाही यात तुझा काही दोष नाही. १९९३ साली ते बंद झालं आणि २०१६च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडलं. मधली तेवीस वर्षं तिथे दाराला कुलूप होतं, पण नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी. टॅक्सीवाले, हिरेबाजारातले दलाल, बेस्टचे कंडक्टर, सगळे दिवसभर 'ऑपेरा हाऊस' म्हणायचे आणि त्यात एकालाही ती वास्तू अभिप्रेत नसायची. माझा जन्म गिरगावातला. वडिलांचं बोट धरून मी तिथे सिनेमे पाहिलेत, म्हणून मला ती कुलपाची वर्षं फार लागली.

लेकीला आधी एक सांग. नाव 'रॉयल' असलं तरी हे थिएटर राजाने बांधलेलं नाही, सरकारनेही नाही. १९०८च्या सुमारास दोघांनी मिळून बेत केला. एक मॉरिस बॅंडमन, कलकत्त्याला तळ ठेवून साऱ्या पूर्वेकडे इंग्रजी नाटकमंडळ्या फिरवणारा कंपनीमालक. दुसरे जहांगीर फ्रामजी करका, मुंबईतले पारशी गृहस्थ, धंद्याने कोळशाचे दलाल. कोळशाच्या दलालीतून आलेला पैसा या माणसाने गाण्याच्या घरात घातला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. १९११ साली पंचम जॉर्ज मुंबईत आले तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं, तरी उद्घाटन त्यांच्याच हस्ते उरकलं. बांधकाम त्यानंतरही चालूच राहिलं.

त्याच १९११ साली आपलं 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आलं. दोन्ही गोष्टी एकाच सालातल्या, हे माझ्या मनातून जात नाही. एकीकडे बरोक म्हणजे जुन्या युरोपीय नक्षीदार धाटणीचं ऑपेराचं थिएटर, दुसरीकडे खाडिलकरांचं नाटक आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली. आणि मग आपल्याच लोकांनी ते थिएटर आपलं केलं. बालगंधर्व तिथे गायले, मास्टर दीनानाथ गायले. रंगमंचापुढे खाली वाद्यवृंद बसवायची ऑपेराची रीत, आपल्याकडेही ऑर्गन-तबलेवाले रंगमंचापुढेच बसायचे. आपला रसिक तिथे परका नव्हताच.

एक दुरुस्तीही करतो, कारण ही गोष्ट आपल्या गणपतीतही चुकीची सांगितली गेली आहे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी गायकनटांनी एकत्र येऊन केलेला तो 'संयुक्त मानापमान' ऑपेरा हाऊसमध्ये झाला नाही. टिळक स्वराज्य फंडासाठीचा तो प्रयोग ८ जुलै १९२१ला बालीवाला थिएटरात झाला. केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव वारले.

पुढे बोलपट आले आणि थिएटरचं चित्रपटगृह झालं. तरी अधूनमधून नाटकं व्हायची. पृथ्वीराज कपूर यांचे प्रयोग माझ्या वडिलांनी तिथे पाहिले. खेळ संपला की पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून मान खाली घालून उभे राहायचे. वडिलांनी त्यात चार आणे टाकले होते. सांगताना दर वेळी हाताने झोळी करून दाखवायचे.

१९५२ साली गोंडलच्या महाराजांनी वास्तू घेतली. हिऱ्यांच्या पेढ्यांनी वेढलेली जागा, तिथे टॉवर उभा करणं किती सोपं होतं! त्या घराण्याने ते केलं नाही. त्यांचे उपकार आपण मानायला हवेत.

तेव्हा बाहेरून फोटो काढून परत येऊ नकोस. तिकीट काढ आणि कार्यक्रमाला बस. कसलाही असो, गाणं असो की नाटक. असं थिएटर लोक खुर्चीत येऊन बसले तरच जगतं.

—

काकांना शंभर टक्के अनुमोदन. आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो. ऑनलाइन तिकीट मिळतं, आधी काढून ठेवा, कारण जागा फक्त ५७५ आहेत. चर्नी रोडहून चालत जाता येतं. टॅक्सी केलीत तर 'ऑपेरा हाऊस थिएटर' असं म्हणा, नाहीतर चौकात सोडतात. अर्धा तास लवकर पोचा आणि फॉयरमध्ये, म्हणजे प्रवेशदालनात, मान वर करून घुमट बघा. आठ भाग आहेत, कवी आणि नाटककारांच्या स्मरणार्थ. दोन स्फटिकाची झुंबरं ससून घराण्याकडून आलेली. भायखळ्याचा त्यांचा बंगला 'साँ सुसी', तिथे आता मसीना रुग्णालय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ असेल तर गिरगावातली जुन्या घरांची खोताची वाडी जरूर फिरा.

—

नमस्कार मंडळी,

काल परत आलो. अजून बॅगा उघडल्या नाहीत, पण हे आधी लिहिते.

काकांचं ऐकून नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली होती, वरच्या बाल्कनीत, लेकीचाच हट्ट. जिना चढून दारातून आत शिरलो आणि ती थांबलीच. समोर एकदम खोल खाली रंगमंच, दोन्ही बाजूंना सोनेरी नक्षीचे बॉक्स. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी जुन्या छायाचित्रांवरून हे सगळं परत उभं केलंय, हे मी तिला सांगत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. ती कठड्यावरच्या प्लास्टरच्या वेलबुट्टीवरून बोट फिरवत होती.

तिसरी घंटा झाली. निवेदन झालं. मग पाचही गायक माइक सोडून रंगमंचाच्या कडेपर्यंत पुढे आले, ऑर्गनने सूर दिला, आणि 'मानापमान'ची नांदी, 'नमन नटवरा', सुरू झाली. माइकशिवाय! शेवटच्या रांगेत आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता, ऑर्गनच्या भात्याचा श्वाससुद्धा. माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या आजी मांडीवर ताल धरून होत्या. मध्यंतराआधीच्या पदाला खालून कुणीतरी "वन्समोअर!" अशी आरोळी दिली तर लेक दचकली. कॉव्हेंट गार्डनला 'ब्राव्हो' म्हणतात, पण गाणं तिथल्या तिथे परत म्हणायला लावतात हे तिला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या वेळी त्या बाईंनी तेच पद निराळ्या ताना घेऊन म्हटलं. लेक माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, त्यांनी बदललं! त्यांना परवानगी असते?"

कोळशाचे दलाल मात्र तिच्या डोक्यात पक्के बसलेत. विमानातही विचारत होती, करकांचा फोटो कुठे असेल का.

काका, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे वडिलांची पेटी आहे ना, ती अजून वाजते का? तिला 'नमन नटवरा' शिकायचं आहे. माझ्याकडून सुरुवातीच्या दोन ओळींपुढे सरकत नाही. रविवारी आलो तर चालेल?

—

चालेल म्हणजे काय! चारला या, चहा इथेच घ्या. मधल्या सप्तकातला कोमल निषाद जरा अडकतो, बाकी पेटी सुरात आहे. वही आण म्हणावं, शब्द मी सांगेन.