मृतात्म्यांशी बोलणारी बाई: तुमचे अनुभव सांगा

परवा 'स्टेप्टो अँड सन'चा १९७४ सालचा एक भाग परत पाहिला. मालिका ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लंडनच्या शेफर्ड्स बुशमधले भंगारवाले बापलेक, अल्बर्ट आणि हॅरल्ड. मुलाला या उकिरड्यातून बाहेर पडायचंय आणि बाप काही सोडत नाही. (दोन्ही नटांच्या वयात जेमतेम तेरा वर्षांचं अंतर. पडद्यावर कळतसुद्धा नाही.) या भागात म्हातारबा घरातच मृतात्म्यांना बोलवायची बैठक भरवतात. त्यासाठी येते मादाम फोंताना, म्हणजे पॅट्रिशिया रूटलेज. हो, तीच, पुढे 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मध्ये 'बकेट' आडनावाचं 'बुके' करून मिरवणारी हायसिंथ! हॅरल्डला यातलं काडीचंही पटत नाही आणि म्हातारा मात्र पुरता रंगलेला.

पाहताना वाटलं, असल्या बाईला फारसं काही करावंच लागत नाही. अर्धं काम समोरचाच करून देतो. तुम्हाला भेटलंय का असं कुणी? प्लँचेट, बैठक, काहीही चालेल. फक्त 'भुतं असतात की नसतात' हा वाद इथे नको, ही विनंती.

लेस्टरवाली

मला भेटलंय. इथे स्पिरिच्युअलिस्ट, म्हणजे मृतात्म्यांशी बोलता येतं असं मानणाऱ्या लोकांची रीतसर चर्च असतात. शेजारीण एकटी जायला घाबरत होती म्हणून सोबतीला गेले. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे चहा-बिस्किटं, साधारण आपल्या गणेशमंडळाच्या सभेसारखा थाट. व्यासपीठावरची बाई डोळे मिटून म्हणाली, "मला 'जे' ऐकू येतंय... जोन? जीन? वयस्कर बाई आहे, छातीचं दुखणं..." आणि माझा हात वर! माझी जानकीआजी दम्याने गेली ना! मग बाई सुरूच झाली. आजी हसतेय, तिच्या हाताला चव होती, तिने एप्रन बांधलाय.

एप्रन! माझी आजी नऊवारीत, सोवळ्यात स्वयंपाक करायची. एप्रन तिने जन्मात पाहिला नसेल. तरी मी मान डोलावत होते, कारण शंभर माणसांसमोर "नाही" म्हणवत नाही हो. रात्री आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "सासूबाई इंग्रजी कधी शिकल्या?"

वाटीबहाद्दर

आमचं इंजिनीअरिंगचं हॉस्टेल. पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरं, मधोमध मेसमधून ढापलेली वाटी, मेणबत्ती आणि चार जणांची बोटं. आत्मा कुणाचा बोलवायचा तर थेट लोकमान्य टिळक. त्यांना विचारलं काय, तर व्हायवा कधी आहे! वाटी खरंच सरकली, अंगावर काटा आला. टिळकांनी सांगितलं मंगळवार, पण 'ट्यूसडे'मधला 'ई' गाळून. आमच्या खोलीत तो 'ई' कायम गाळणारा एकच प्राणी होता. त्याने आईची शपथ घेतली की मी ढकलली नाही, आणि मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता.

कारण यावर फॅरडेने (हो, तोच, विजेवाला) १८५३ साली प्रयोग केलाय. तेव्हा लंडनमध्ये टेबलं फिरवायचं खूळ होतं. त्याने टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकाने चिकटवले आणि नंतर ते कुठे सरकलेत ते पाहिलं. वरचा थर आधी सरकलेला, टेबल मागून. म्हणजे हात ढकलतो आणि ज्याचा हात त्यालाच पत्ता नसतो.

पोर्ट्समथकर

माझी बस रोज कॉपनर रोडवरून जाते. जानेवारी १९४४ मध्ये हेलन डंकन नावाच्या बाईला तिथल्या बैठकीतून पकडलं. खटला ओल्ड बेलीत, म्हणजे लंडनच्या फौजदारी कोर्टात चालला, कायदा लावला १७३५ चा चेटूकविरोधी, शिक्षा नऊ महिने. चर्चिल वैतागले होते या पोरखेळावर. ही बाई तोंडातून 'आत्म्याचा पदार्थ' काढायची. असल्या प्रकारांचा छडा लावणाऱ्या हॅरी प्राइसने १९३१ मध्ये तपासून सांगितलं की ते चीजक्लॉथ आहे, आधी गिळलेलं. चीजक्लॉथ म्हणजे आपण चक्का बांधतो तसलं विरळ फडकं. मी एकदा नुसती कल्पना केली आणि श्रीखंड आठवडाभर बंद.

पुढे १९५१ मध्ये तोतया मीडियमांसाठी (मीडियम म्हणजे मृतात्म्यांशी बोलणारी माणसं) वेगळा कायदा आला, म्हणजे मादाम फोंताना त्याच्याच कक्षेत. त्यात निव्वळ करमणुकीला सूट होती. तो २००८ मध्ये रद्द होऊन ग्राहकसंरक्षणाचे नियम आले. इथे अजूनही असल्या कार्यक्रमांच्या पोस्टरवर खाली बारीक अक्षरात 'केवळ मनोरंजनासाठी' असं दिसतं.

ठाणेकर भाचा

वर सगळे हसतायत, मला थोडं वेगळं सांगायचंय. मामा कोविडमध्ये गेले, शेवटचं दर्शनही झालं नाही. नंतर कळलं की मामी व्हिडिओ कॉलवर एका बाईशी बोलते. दर वेळी पैसे. मी एकदा बाजूला बसून ऐकलं. "त्यांना काहीतरी सांगायचं राहिलंय," इतकंच बाई म्हणाली आणि गप्प बसली. पुढचं सगळं मामीच बोलली. लॉकरची किल्ली, धाकटीचं लग्न, सगळं. बाईने तेच जरा फिरवून परत दिलं.

मी तावातावाने समजवायला गेलो. मामी म्हणाली, "ती थापा मारते ते कळतं रे मला. पण तुम्ही कुणी यांचं नावही काढत नाही."

लेस्टरवाली

@ठाणेकर, वाचून गप्पच झाले.

वाटीबहाद्दर

मामींचं दुःख मान्य, पण त्या बाईला माफी नाही. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे की!

ठाणेकर भाचा

आहे. तक्रार कोण करणार, मामी? आता मी रविवारी जातो, मामांचे किस्से काढतो. कॉल कमी झालेत, बंद नाही.

डेलबॉयचा_पंखा

'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या ब्रिटिश विनोदी मालिकेतही आहे की! १९८९ चा भाग. मालिकेचा नायक डेल पोटदुखीने बेजार, पण डॉक्टरकडे जायला तयार नसतो. त्यातच एल्सी पार्ट्रिज नावाच्या बाईच्या बैठका भरवून पैसे करायचा त्याचा बेत. तिच्यामार्फत स्वर्गवासी आई दटावते, डॉक्टर गाठ!

आमच्या घरी हेच घडलं. बाबांच्या छातीत दुखायचं, आई सांगून थकली. मग शेजारच्या काकांनी पत्रिका मांडून शनी दाखवला आणि म्हणाले, वैद्यकीय सल्ला घ्यावा असा योग आहे. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः रिक्षा करून गेले. निघाली ॲसिडिटी. आईने मात्र त्या काकांना त्यानंतर चहा म्हणून विचारलेला नाही.