नजर आधी बोटांवर जाते

वर कुणीतरी चित्रकार सा. ल. हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप' या हातात दिवा धरलेल्या स्त्रीच्या चित्राबद्दल लिहिलंय की व्यक्तिचित्र आहे म्हणजे केंद्रबिंदू चेहराच. मला नाही पटत. नजर आधी ज्योतीवर धरलेल्या हातावर जाते. प्रकाश बोटांतून आरपार येतो, कडा लालसर पेटल्यासारख्या दिसतात. तिथून नजर उजळलेल्या चेहऱ्याकडे चढते. प्रकाश खालून आलाय, एरवी त्यात चेहरा भेसूर दिसतो. इथे मात्र हाताच्या आडोशाने प्रकाश मऊ झालाय.

आणि हे जलरंगात आहे हो! गोदाघाटावर बसून उन्हातली देवळं रंगवलेल्या नाशिककरांना वेगळं सांगायला नको: पारदर्शक रंगात उजेड लावता येत नाही, उजेडाच्या जागी कागद कोरा राखून ठेवावा लागतो. म्हणजे ज्योतीची झळाळी भोवतीच्या गडद थरांच्या जिवावर.

तोल, लय वगैरे चित्ररचनेची तत्त्वं परीक्षेपुरती ठीक. त्याआधी डोळे किलकिले करून बघा, किंवा मोबाईलवर चित्र कृष्णधवल करा. उजळ-गडद छटांमधला विरोध लगेच कळेल.

बाकी, अनेकांना वाटतं तसं हे रविवर्म्याचं नव्हे. १९४५-४६ च्या सुमाराचं, मॉडेल हळदणकरांची मुलगी, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये.