असिस्ट मोड म्हणजे फसवणूक? आधी सेलेस्टचा कोड उघडून बघा

काठावर_पास
"कठीण गेम हाच खरा गेम. असिस्ट मोड लावून सेलेस्ट संपवणाऱ्यांनी 'संपवला' म्हणू नये." अशी पिंक काल एकाने टाकली आणि खाली +१ चा पाऊस पडला. म्हणून हा स्वतंत्र धागा.

सेलेस्ट (२०१८) हा उड्या मारत डोंगर चढायचा गेम, आणि असिस्ट मोड म्हणजे तो सोपा करून घ्यायचा पर्याय. पण मोड बंद असतानाही गेम माफच करत असतो. खेळाडूच्या हालचालीचा कोड बनवणाऱ्यांनीच खुला केला आहे. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मारता येते, म्हणजे ६० एफपीएसच्या (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) हिशोबात सहा फ्रेम. जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेलं बटण वाया जात नाही, टेकताच उडी बसते. उडताना डोकं कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत अडलं तर गेम गुपचूप बाजूला सरकवतो. उडीच्या माथ्यावर बटण धरून ठेवलं की गुरुत्वाकर्षण निम्मं होतं.

लेव्हल त्याच ठेवून हे सगळं काढून टाका. गेम कठीण होईलच, पण दर मरणाला "अरे, दाबलं होतं की बटण!" असं वाटेल. चूक आपली वाटली तर माणूस पुन्हा खेळतो, गेमची वाटली तर कंट्रोलर आपटतो. शिवाय मेल्यावर त्याच स्क्रीनवर लगेच परत. तिथे दोन मिनिटांची पायपीट असती तर किती भक्त टिकले असते?

सोल्सवारकरी
साफ असहमत. लपवलेली माफी आणि हातात दिलेला स्लायडर (गेम किती सोपा हे ओढून ठरवायची पट्टी) एकच कसे? पहिली डिझायनरने मोजूनमापून ठेवलेली असते. दुसरा म्हणजे डिझायनरचं काम खेळाडूच्या गळ्यात. सेकिरो या तलवारबाजीच्या गेममध्ये (२०१९) डिफिकल्टीचा पर्यायच नाही. बचावाचं बटण एल-वन नुसतं बडवत राहिलात तर डिफ्लेक्टची (नेमक्या क्षणी वार परतवण्याची) खिडकी आकसते, म्हणजे घाईची शिक्षा तिथल्या तिथे. गेनिचिरो या अवघड बॉसपाशी स्लायडर असता तर निम्मे लोक तो खाली ओढून पुढे गेले असते, डिफ्लेक्ट न शिकता. मग शेवटचा बॉस खेळणार कशाच्या जोरावर?

काठावर_पास
हेडीस या गेमचा (२०२०) गॉड मोड, म्हणजे तिथला असिस्ट मोड बघा. सुरुवातीला २० टक्के संरक्षण, दर मरणाला दोन टक्के वाढ, ८० ला थांबतं. स्लायडर नाही, त्यामुळे चिडलेल्या क्षणी ओढायला काही हाताशी नाही, आणि शत्रूंच्या चाली त्याच. शिकावं लागतंच. आता बोला.

कॉन्ट्राकाका
आमच्या वेळी तीन जीव मिळायचे. ना सेव्ह, ना मोड. आम्ही बरे खेळलो! हल्लीच्या पोरांना सगळं आयतं.

काठावर_पास
काका, आत्मचरित्र नको. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, हा कॉन्ट्रा गेममधला गुप्त कोड मारून तीस जीव कोण घ्यायचं? तो १९८८ चा असिस्ट मोडच होता.

लॅगनपत्रिका
अवांतर आहे, पण तुम्ही दोघंही हवेत काठ्या फिरवताय. "गेम अन्यायी आहे" म्हणणाऱ्या कित्येकांचा खरा शत्रू टीव्ही असतो. मोशन स्मूदिंग चालू असलं की टीव्ही दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतः बनवतो. त्यासाठी पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची अडवून ठेवावी लागते. त्यावर नॉइज रिडक्शन, शार्पनेस... उशीर १०० मिलिसेकंदांवर सहज जातो. म्हणजे कडा तुम्हाला ०.१ सेकंद उशिरा दिसला आणि धाग्यातली ती माफी टीव्हीनेच खाल्ली!

मोजायचं असेल तर फोनचा २४० एफपीएस स्लो मोशन लावा. कंट्रोलर आणि पडदा एकाच चौकटीत घ्या. बटण खाली गेल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा, एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंद. यात कंट्रोलर आणि गेमचा उशीरही येतो, म्हणून टीव्हीचा गेम मोड (ही चित्रावरची प्रक्रिया टाळून उशीर कमी करणारी सेटिंग) चालू आणि बंद असं दोन्ही मोजून फरक काढा.

सोल्सवारकरी
काहीही. उशीर कायम तेवढाच असेल तर हाताला सवय होते. त्रास होतो तो कमीजास्त होणाऱ्या उशिराचा.

लॅगनपत्रिका
सेलेस्टपुरतं मान्य, तिथे स्क्रीन पाठ होते. सेकिरोत धोक्याचं लाल अक्षर चमकल्यावर उडी की मिकिरी (भोसकणारा वार पायाखाली दाबणं) हे ठरवायचं असतं. तिथे उशीर थेट विचाराच्या वेळेतून कापला जातो, सवय काय करणार? तुमच्याच लाडक्या गेमचं उदाहरण आहे हो.

सोल्सवारकरी
भाषा जपून. गेमची चर्चा होती, तिचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान केलंत.

लॅगनपत्रिका
दुकान फुकट आहे, लाभ घ्या. अनेक टीव्हींवर गेम मोड एचडीएमआय पोर्टगणिक वेगळा लावावा लागतो. पोर्ट बदललात की गेला. एएलएलएम (ऑटो लो लेटन्सी मोड) असेल तर नवे कन्सोल तो आपोआप लावतात, पण टीव्हीतही ती सोय चालू हवी.

कॉन्ट्राकाका
जुन्या डब्बा टीव्हीला हा आजार नव्हता.

लॅगनपत्रिका
काका, पहिल्यांदाच बरोबर बोललात.

काठावर_पास
धागा माझा, वरात लॅगनपत्रिकेची. वारकरी, हेडीसचं उत्तर राहिलं.

सोल्सवारकरी
हेडीसचा मोड चालेल, कारण तो स्लायडर नाही. म्हणजे माझाच मुद्दा. सेलेस्टमध्ये वेग ५० टक्क्यांपर्यंत उतरवता येतो, वर अमरत्वही मिळतं. ते मला अजूनही पटत नाही. आणि गेम मोडमध्ये रंग निळसर, मेल्यासारखे का दिसतात?

लॅगनपत्रिका
कलर टेंपरेचर 'कूल'वर असेल, 'वॉर्म' करा. तेवढ्याने उशीर वाढत नाही. मोशन स्मूदिंग मात्र बंदच ठेवा.