विंटेज कपड्यांच्या दुकानाची दर्शनी काच: मदत हवी आहे (लवकर!)

उसवण: माझं विंटेज कपड्यांचं छोटं दुकान आहे. काचेत बरंच काही मांडलंय: दोन पुतळे, मागे काळा पडदा, जुनी सुटकेस, टोप्या, हातमोजे. तरी लोक ढुंकून बघत नाहीत. शनिवारच्या आत सगळं बदलायचंय. काय मांडू? "कल्पकता वापरा" असं कृपया सांगू नका, ती वापरून झाली.

बटणघर: काच किती रुंद? आत खोली किती? तोंड कुठल्या दिशेला? दिवे कुठे आहेत? फोटो टाका.

झगमग: थीम घ्या! सुटकेस आहेच, 'प्रवास' करून टाका. नकाशे, छत्री, एक-दोन कोट. मी अशीच काच सजवली होती, लोक थांबून फोटो काढायचे.

अस्तर: फोटो काढायचे, आत यायचे का? सुटकेस, टाइपरायटर, ग्रामोफोन बघून लोकांचे डोळे किटलेत. एकच कपडा ठेवा, नजरेच्या जरा खाली, भोवती मोकळी जागा.

झगमग: एकच कपडा ठेवला की दुकान महागडं वाटतं. लोक बिचकतात.

अस्तर: आणि ढीग मांडला की भंगार वाटतं.

उसवण: भांडू नका हो. फोटो आत्ता नाही टाकता येत. काच पश्चिमेकडे, हात पसरले की दोन्ही कडा लागतात एवढी. दिवा वर मधोमध, पुतळ्यांच्या मागे. संध्याकाळनंतर छान दिसतं, रड आहे ती दिवसाची.

बटणघर: अहो, हे आधी सांगायचं ना! दिवसा बाहेर लख्ख, आत अंधार, त्यात मागे काळा पडदा. काचेचा आरसा झालाय. लोक बघत असतील तर स्वतःचे केस. पडदा फिकट रंगाचा लावा. दिवे काचेच्या आतल्या बाजूला, वरून पुतळ्यावर तिरपे पडतील असे, आणि भर दुपारीही चालू. एलईडीच घ्या, हॅलोजन तापतात. 3000 केल्विनच्या आसपास (म्हणजे उबदार, पिवळसर उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90च्या वर, नाहीतर मरून रंग चॉकलेटी दिसतो. मग रस्त्यापलीकडे जाऊन बघा.

घडीमोड: दिव्यांचं नंतर. पश्चिमेची काच म्हणजे दुपारभर ऊन! संग्रहालयांत नाजूक कापडावर साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर प्रकाश पडू देत नाहीत. साध्या काचेतून यूव्हीए (अतिनील) किरण बरेचसे आत येतात. यूव्ही फिल्म लावा, पण निर्धास्त होऊ नका: साध्या उजेडानेही रंग उडतो, फक्त सावकाश. आणि उडालेला रंग परत येत नाही. आत्ता काचेत काय आहे?

कपाटकर: जुन्या कपड्यांचा डांबरगोळ्यांचा वास घालवायचा तर सावलीत, वाऱ्यावर टांगा. वर अत्तर मारू नका, दोन वास होतात.

उसवण: वासाचं कुणी विचारलं? घडीमोड, तुमचं वाचून हिरवा ड्रेस उतरवला. काचेकडचा खांदा पिवळट पडलाय, कॉलर उचलली तर खाली मूळचा गर्द हिरवा. दुसरा 1930च्या दशकातला, उरेब (कापड तिरपं धरून कापलेला). त्याचा घेर एका बाजूने खाली आलाय.

अस्तर: उरेब कापड स्वतःच्या वजनाने ओघळतं. तो आडवाच ठेवायचा. मणीकामाचे ड्रेसही तसेच, खांद्याची शिवण फाटते. आणि तुमचे पुतळे आजच्या मापाचे असतील तर जुन्या ड्रेसची चेन ओढून लावू नका. लहान मापाचं शिंप्याचं धड घ्या आणि कमी पडेल तिथे पॉलिस्टर वाडिंग (कापसासारखा भराव) गुंडाळा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या, साध्या गंजून डाग पाडतात.

झगमग: बाईंना दुकान चालवायचंय की संग्रहालय?

घडीमोड: पिवळ्या खांद्याचा ड्रेस तुम्ही घेणार का? रेशीम काचेत नकोच. सत्तरच्या दशकातलं पॉलिस्टर ठेवा, ते ऊन बरंच सोसतं. तरी आठवड्याला बदला.

जुनाट: विंटेज म्हणजे नक्की किती जुनं? माझी कॉलेजची जीन्स चालेल का?

अस्तर: साधारण वीस वर्षांच्या वर विंटेज, शंभरच्या वर अँटिक. विंटेजला सरकारी नियम नाही, व्यवहारातला संकेत.

जुनाट: म्हणजे मीही विंटेज. जीन्सची चेन तुटलीय, कोणी घेईल का?

उसवण: काळा पडदा काढला, फिकट राखाडी लावला. नारिंगी पॉलिस्टरचा मॅक्सी एकटाच ठेवतेय. झगमग, रागावू नका, सुटकेस आत काउंटरवर गेली. दिवे उद्या सरकतील. शेवटचं विचारते: किमतीचं लेबल काचेत लावू का?

झगमग: अजिबात नको. विचारायला तरी लोक आत येतील.

अस्तर: लावाच. किंमत दिसली नाही की लोक महागच धरून चालतात आणि विचारतही नाहीत.